जुळी होतील हो, पण जगवणार कोण?

परवा नेकनूरच्या बाजारात एका पोरानं मला गाठलं. विशीतलं पोरगं, खांद्यावर घोंगडं नाही पण बाप-आज्याचा धंदा तोच, मेंढरं. मोबाईल पुढं केला आन् म्हणालं, "काका, हे बघा." व्हिडिओत एक जण सांगत होता, एक स्पंज, एक इंजेक्शन, सगळा कळप एकाच वेळी माजावर, मेंढीला हमखास जुळी. खाली फोन नंबर. पोरगं म्हणालं, "तुम्ही केलं होतं म्हणे. मी करू का? तीस मेंढ्या आहेत आन् बँकेचा हप्ता थकलाय."

बाजाराच्या गडबडीत मी "सध्या थांब" एवढंच म्हणालो. पण "थांब" हे काही उत्तर नाही. ज्याचा हप्ता थकलाय त्याला थांब म्हणणं सोपं असतं. म्हणून नीट उत्तर इथं लिहितोय. चौसाळा, नेकनूर, पारगाव, येरमाळा या पट्ट्यात असे व्हिडिओ बघणारा तो एकटा नाही. पोस्ट लांब आहे. ज्यांच्या दारात मेंढ्या आहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचा, बाकीच्यांनीही वाचली तर बरंच.

आधी माझा हिशोब सांगतो. लपवण्यासारखं काही नाही.

डिसेंबर २०२३. माझ्याकडं तेव्हा सेहेचाळीस मेंढ्या. एक माणूस वस्तीवर आला, गावाचं आन् दुकानाचं नाव घेत नाही. म्हणाला, आता केलं की मे महिन्यात कोकरं, आन् पुढच्या वर्षीच्या बकरी ईदला बरोबर वर्षाची होऊन बाजारात. हिशोब कागदावर झकास होता. मी पंधरा मेंढ्या निवडल्या. बारा दिवस स्पंज, काढल्यावर एक इंजेक्शन. आन् खरं सांगतो, औषधानं काम केलं. दोन दिवसांत बहुतेक मेंढ्या माजावर आल्या.

इथून पुढचं सगळं माझं चुकलं. पंधरा मेंढ्या एकदम माजावर आन् माझ्याकडं मेंढा एक. एरवी एक मेंढा पंचवीस-तीस मेंढ्यांना पुरतो, कारण त्या एकेक करून माजावर येतात. सगळ्या एकदम आल्या की एक मेंढा दोन दिवसांत किती पुरा पडणार? त्यासाठी पाच-सात मेंढ्यांमागं एक मेंढा लागतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नऊ गाभण राहिल्या.

मे महिन्यात नऊ मेंढ्या व्यायल्या. पाच मेंढ्यांना एकेक, तिघींना जुळं, एकीला तिळं. नऊ मेंढ्यांत चौदा कोकरं! फोटो काढून ग्रुपवर टाकले, लोकांनी अंगठे दिले. तीन महिन्यांनी त्या चौदातली सहा जिवंत होती. तिळं झालेली मेंढी तर व्यायच्या आधीच खाणं सोडून बसली होती, कशीबशी व्यायली आन् तिसऱ्या दिवशी गेली. मेंढीला सड दोन. तिसऱ्यानं प्यायचं कुठं? आन् त्या मे महिन्यात दोन सडांत तरी दूध कुठून येणार? २०२३ ला पाऊस कमी झालेला, रानात काडी नाही, पाणी विकतचं.

उरलेल्या सहापैकी चार मेंढ्या पुढच्या माजाला आपसूक गाभण राहिल्या. त्या जूनमध्ये व्यायल्या, एकेक कोकरू. चारही जगली.

म्हणजे पंधरा मेंढ्या, अठरा कोकरं, जगली दहा. त्याच्या आदल्या वर्षी ह्याच पंधरा मेंढ्यांनी काही न करता तेरा कोकरं दिली होती, जगली अकरा. औषधाचे पैसे गेले, एक मेंढी गेली, आन् कोकरू एक कमी. बायको म्हणाली, "कोकरं मोजायची ती व्यायच्या दिवशी नाही, बाजाराच्या दिवशी." अख्ख्या पोस्टचं सार तेवढंच आहे. तरी पुढं लिहितो, कारण 'हार्मोन वाईट' असा निष्कर्ष कुणी काढू नये. तो चुकीचा आहे.

हे औषध म्हणजे जादूटोणा नाही, विषही नाही. मेंढीचा माज साधारण सतरा दिवसांनी फिरून येतो आन् दीडेक दिवस टिकतो. गाभण मेंढीच्या अंगात जे हार्मोन असतं तसलंच स्पंजमध्ये असतं. बारा-चौदा दिवस तो स्पंज आत राहिला की शरीराला वाटतं मेंढी गाभण आहे, माज थांबतो. स्पंज काढला की थांबलेला माज सगळ्यांना एकदम येतो. सोबतच्या इंजेक्शननं बीजांडं जास्त सुटतात, म्हणून जुळी-तिळी. १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियात रॉबिन्सन नावाच्या शास्त्रज्ञानं ही स्पंजची पद्धत बसवली. आपल्या देशातही राजस्थानच्या टोंक जिल्ह्यात अविकानगरला केंद्र सरकारची मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे, १९६२ ची. तिनं 'अविकेसिल-एस' नावाचा देशी स्पंज तयार केलाय. म्हणजे शास्त्र पक्कं आहे.

पण त्या इंजेक्शनबद्दल दोन गोष्टी व्हिडिओवाला सांगत नाही. पहिली, ते गाभण घोडीच्या रक्तातून काढतात. मेंढीच्या अंगाला ते परकं, म्हणून तेच तेच पुन्हा दिलं की शरीर त्याच्याविरुद्ध तयार होतं आन् गुण कमी येतो. दरवर्षी त्याच मेंढीला टोचत राहायचं हे औषधच नाही. दुसरी, किती बीजांडं सुटतील ते तुमच्या हातात नसतं. एकच डोस एकीला एक देईल, दुसरीला तीन. 'हमखास जुळी' असं काही नसतं. हमखास म्हणणारा एकतर अडाणी, नाहीतर लबाड.

आता मुळातला प्रश्न. आपली दख्खनी मेंढी एकच कोकरू का देते? हा तिचा दोष आहे का?

माझा आजा म्हणायचा, जुळं देणारी मेंढी वाड्याला भारी पडते. वाडा म्हणजे आमचं फिरतं बिऱ्हाड, दिवाळीनंतर निघायचं आन् पावसाळ्याच्या तोंडाला परत. रोजची पाच-सात कोसांची चाल. एक कोकरू आईमागं चालतं, थकलं तर घोड्यावर टाकता येतं. दोन झाली की दोन्ही अर्धपोटी, दोन्ही मागं पडणार, आन् मागं पडलं ते लांडग्याचं नाहीतर कुत्र्याचं. पिढ्यान्पिढ्या आमच्या लोकांनी चालणारी, उन्हात टिकणारी, कमी चाऱ्यावर एक कोकरू धडपणे वाढवणारी मेंढी राखली. तिच्या पोटात तीन घालून तिला त्याच रानात, त्याच चालीनं हाकायचं, हा कुठला न्याय?

दुसरी गोष्ट. थंड मुलखात मेंढ्या वर्षातून ठरावीक दिवसांतच माजावर येतात, दिवस लहान व्हायला लागले की. अवेळी कोकरं हवी असतील तर तिथं हार्मोनशिवाय अवघड. आपल्याकडं तसं नाही. आपली मेंढी वर्षभर कधीही माजावर येते, अट एकच, पोट भरलेलं हवं. पहिल्या पावसाचं गवत वर आलं की महिन्याभरात कळप कसा माजावर येतो ते प्रत्येक मेंढक्याला माहीत आहे. तिथं दिवसाच्या लांबीवर, इथं चाऱ्यावर. मग आपण इंजेक्शन कशाला विकत घेतोय? चाऱ्याच्या जागी. साधी गोष्ट आहे, उपाशी मेंढीला फसवून गाभण ठेवतोय.

जुळी नकोतच असं माझं म्हणणं नाही. लोकरीला आज भाव नाही, कातरणी अंगावर पडते. शेतात मेंढ्या बसवायचे चार पैसे मिळतात ते वेगळे. धंदा चालतो तो कोकरावर. कोकरं वाढली पाहिजेत, यात वाद नाही. पण ती कशी वाढवायची याचा एक चांगला धडा आपल्याच राज्यात, साताऱ्याच्या फलटणला आहे.

फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, नारी म्हणतात तिला. पश्चिम बंगालच्या सुंदरबनात गारोळ नावाची एक इवलीशी मेंढी असते, दोन-तीन कोकरं देणारी. तिच्या अंगात जुळ्यांचा एक जनुक असतो, 'फेकबी' त्याचं नाव. अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालच्या मेंढ्या जहाजातून ऑस्ट्रेलियात गेल्या, त्यांच्यातून तो तिकडच्या बुरुला मेरिनोत उतरला. तो नेमका कुठला जनुक हे २००१ मध्ये सापडलं. नारीनं १९९० च्या दशकात गारोळ फलटणला आणली, दख्खनीशी संकर केला, पुढं आकार आन् दूध टिकावं म्हणून इतर जातीही मिसळल्या, आन् 'नारी सुवर्णा' तयार केली. डॉ. चंदा निंबकर आन् त्यांचे सहकारी यात वर्षानुवर्षं राबले. रक्ताच्या तपासणीवरून कळतं की कुठल्या मेंढ्यात हा जनुक आहे. तसा मेंढा कळपात सोडला की मुलींमध्ये जुळ्यांचा गुण येतो, दरवर्षी टोचायची गरज नाही.

पण मला त्यांचं सगळ्यात जास्त पटलं ते वेगळंच. त्यांनी मेंढपाळांच्या कळपात जाऊन मोजणी केली, ती फक्त जन्मलेल्या कोकरांची नाही. तीन महिन्यांनी, दूध तुटताना, आईमागं किती उरली, तेही मोजलं. आन् जुळ्यांच्या आईला जादा खुराक लागतो हेही मेंढपाळांना सांगितलं. माझी बायको शाळेत चौथीपर्यंत गेलेली. तिनं जे सांगितलं तेच त्या संस्थेनं वहीत मांडलंय.

आता एक गोष्ट जरा जपून लिहितो, पण लिहिलीच पाहिजे.

स्पंजाशिवाय दुसरंही एक इंजेक्शन बाजारात फिरतंय, माज आणायचंच, प्रोस्टाग्लँडिन जातीचं. स्वस्त पडतं, एका टोचणीत काम. पण मेंढी आधीच गाभण असेल तर त्यानं ती गाभडते. शेजारच्या वस्तीवर एकानं न तपासता सगळ्या कळपाला टोचलं. आठवडाभरात पाच मेंढ्या गाभडल्या. तो अजून म्हणतो साथ आली होती.

आन् ह्याच औषधाचा दुसरा धोका माणसाला आहे. ते कातडीतून अंगात जातं. गरोदर बाईच्या हातावर सांडलं किंवा चुकून सुई लागली तर गर्भपात होऊ शकतो. दम्याच्या माणसाला श्वास कोंडू शकतो. हातमोजे घालून, जपून वापरायचं औषध आहे ते. आता आपल्या वस्त्यांवर सिरिंज भरून कोण देतं? मेंढी धरून कोण उभं राहतं? घरची बाई, नाहीतर नवी सून. तिला कुणी विचारलं का, बाई तुला दिवस आहेत का? आपला जिल्हा 'पिशवी काढली' हा शब्द फार ऐकून आहे. २०१९ ला ऊसतोड बायांच्या गर्भाशयाचं प्रकरण राज्यभर गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. कामाच्या घाईत बाईचं अंग कसं जुळवून घ्यायला लावतात ते आपण पाहिलंय. निदान ह्या बाबतीत तरी आधी शहाणे होऊ.

मग करायचं काय? माझ्या अनुभवावरून आन् सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी समजावलं त्यावरून सांगतो.

१) मेंढा सोडायच्या आधी दोन-तीन आठवडे मेंढीला रोज पाव किलोच्या आसपास मका किंवा ज्वारीचा भरडा. मूठभरानं सुरू करून हळूहळू वाढवा, एकदम दिला तर पोट बिघडून मेंढी जाते. एवढ्यानंही माज चांगला येतो आन् गाभण राहण्याचं प्रमाण वाढतं.

२) मेंढा महिनाभर कळपापासून लांब ठेवा, वाससुद्धा येऊ नये इतका. मग एकदम सोडा. बऱ्याच मेंढ्या पुढच्या तीन-चार आठवड्यांत मागंपुढं माजावर येतात. फुकटचं हार्मोन आहे हे.

३) गाभण काळ पाच महिन्यांचा, पण पोटातल्या कोकराची बरीचशी वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. खुराक तेव्हा हवा. आपण उलटं करतो, व्यायल्यावर खायला घालतो.

४) जंताचं औषध, आंत्रविषार आन् पीपीआरची लस वेळेवर. जन्मल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत कोकराच्या पोटात चीक गेलाच पाहिजे. जुळ्यातलं बारकं कोकरू हातानं धरून पाजा.

५) हे सगळं जमतंय, दावणीला चारा आहे, मेंढ्या बंदिस्त आहेत, जादा मेंढे आहेत, तर खुशाल स्पंज वापरा. कोकरं एका वयाची, लस एकदम, विक्री एकदम, फायदा आहेच. फक्त डॉक्टरांच्या हातून, गाभण तपासणी करून, आन् कोकरं पावसाळ्यात किंवा पावसानंतर जन्मतील असा महिना धरून. मे महिन्यात नको. माझ्यासारखं नको.

हे झालं आपलं. सरकारला आन् आपल्या लोकप्रतिनिधींनाही चार शब्द.

राजे यशवंतराव होळकर महामेष योजना २०१७ पासून आहे. वीस मेंढ्या, एक मेंढा, ७५ टक्के अनुदान. चांगली गोष्ट. खाद्यासाठीही त्यात तरतूद आहे. पण गावात चर्चा होते ती फक्त 'गट मिळाला का' याची. मिळालेल्या गटातून वर्षानं किती कोकरं जगली, हा प्रश्न कुणी ग्रामसभेत विचारलेला मी ऐकला नाही. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात साधारण सत्तावीस लाख मेंढ्या होत्या आन् शेजारच्या तेलंगणात एक कोटी नव्वद लाखांच्या वर. लगेच लोक म्हणतात, बघा आपण मागं पडलो. मेंढ्या वाढवायच्या तर आधी सांगा, चरायचं कुठं? गायरान गेलं, वनखातं हाकलतं, महामार्गावर कळप निघाला की ट्रकवाले शिव्या घालतात. चरायला जागा नाही आन् पोटात कोकरं दोन, असली वाढ काय कामाची?

माझ्या मागण्या तीन. ही इंजेक्शनं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकली जातात ते थांबवा. अंबाजोगाईला शेळी-मेंढी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, जिल्ह्यातल्या मेंढपाळांना तिथं दोन दिवस बोलवा, बायांनाही बोलवा, स्पंज काय, लस काय, जुळ्याचं कोकरू कसं पाजायचं, हातानं शिकवा. आन् जुळ्यांचा जनुक तपासलेले मेंढे या भागातल्या काही कळपांत देऊन बघा, खुराकासकट, आन् तीन महिन्यांनी जगलेली कोकरं मोजून आकडा जाहीर करा. चांगला आला तर आम्हीच पुढं नेऊ.

आता त्या पोराला.

भावड्या, बाजारात मी तुला थांब म्हणालो. आता नीट सांगतो. तीस मेंढ्यांना टोचायला जेवढे पैसे लागणार होते तेवढ्याचा मका घे. या पावसाळ्याच्या आधी तीन आठवडे खाऊ घाल, मेंढा लांब बांध, गवत आलं की सोड. दिवाळीच्या पुढं कोकरं येतील, थंडीत, हिरव्या रानात. माझा एक मेंढा घेऊन जा, पैसे नको. बँकेच्या साहेबाला भेटायला मी तुझ्यासोबत येतो, हप्त्याची मुदत वाढवून मागू. दोघं गेलो तर निदान खुर्ची तरी देतील.

आन् एवढं करूनही पुढच्या वर्षी तुला स्पंज वापरून बघायचाच असेल तर मी अडवणार नाही. १९६२ ला फोन करून जनावरांची गाडी बोलव, डॉक्टरांना विचार, पाच मेंढ्यांवर कर, वहीत लिही. फक्त वहीत दोन रकाने कर. किती जन्मली आन् किती जगली. पहिला रकाना व्हिडिओवाल्याला दाखव, दुसरा तुझ्या आईला.

ज्यांनी हे केलंय त्यांनी आपला हिशोब खाली लिहा, नफ्याचाही आन् तोट्याचाही. तोटा लिहायला लाजू नका. माझा मी लिहिलाय.